बकुळेचं नापोली

बकुळा घाडी उभ्या जन्मात परळ-लालबागच्या बाहेर फारशी गेली नव्हती. गेली असेल तर कुडाळला माहेरी, नाहीतर नवरात्रात महालक्ष्मीला. पण छप्पन सालच्या उन्हाळ्यात तिला झोपेतून उठवून विचारलं असतंत, की बाई, इटलीतल्या नापोली बंदरात बोटीवरून उतरल्यावर रेल्वे स्टेशन कसं गाठायचं, तर तिने डोळे न उघडता सांगितलं असतं. शिडी उतरायची, किल्ला डाव्या हाताला ठेवायचा, उजवीकडे वळून ट्राम पकडायची. आणि ‘नेपल्स’ हा शब्द विसरून जायचा. तिकडची माणसं आपल्या गावाला नापोली म्हणतात. परतीच्या गाडीवर नेपल्सची पाटी शोधत बसलात, तर गाडी डोळ्यांदेखत निघून जाईल आणि तिच्यामागून बोटही जाईल.

हे सगळं ती स्वतः जाणार म्हणून नव्हतं. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात तुटलेला धागा सांधणाऱ्या बाईला विलायतेला कोण नेतो? जाणार होती तिची नणंद नलू. नलू परळच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स होती, हुशार होती, आणि इंग्लंडातल्या एका इस्पितळाने तिला पुढच्या शिक्षणासाठी बोलावलं होतं. बोट निघायची होती दिवाळीनंतर. वाटेत एडन, सुएझचा कालवा, मग नापोली. नापोलीला बोट सकाळी लागणार आणि संध्याकाळी सुटणार. म्हणजे मधला सबंध दिवस नलूच्या मालकीचा. तो दिवस कसा घालवायचा हे नलूने ठरवायच्या आधीच तिच्या वहिनीने ठरवून टाकलं होतं.

बकुळेचा नवरा रघुनाथ, म्हणजे नलूचा थोरला भाऊ, मराठा पलटणीतून लढाईवर गेला होता. चव्वेचाळीसच्या वैशाखात इटलीत कासिनो नावाच्या गावाजवळ, रात्री नदी ओलांडताना तो दिसेनासा झाला. त्याच्याच तुकडीतला कोंडीराम आता गिरणीच्या फाटकावर दरवान होता. तो सांगायचा, “धुकं असं होतं वहिनी, की स्वतःचा हात दिसत नव्हता. नदीत उतरलो तेव्हा रघु माझ्या शेजारी होता. वर चढलो तेव्हा नव्हता.” यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं, आणि बकुळा त्याला पुन्हा पुन्हा तेवढंच विचारायची.

सरकारचं पत्र आलं तेव्हा ते गिरणीतल्या एका कारकुनाने वाचून दाखवलं. “हरवला असं लिहिलंय,” तो म्हणाला. भल्या माणसाने दुसरा एखादा शब्द वापरला असता तर बकुळेचं आयुष्य कदाचित वेगळं गेलं असतं. मेला म्हटलं असतं तर ती ऊर बडवून रडली असती आणि मोकळी झाली असती. पण हरवलेल्या माणसासाठी रडतात कुठे? त्याला शोधतात. पुढे सरकारने त्याला मेलेल्यांत धरलं, पेन्शनही सुरू केली. बकुळेने पेन्शन घेतली आणि कुंकू ठेवलं. कागदाने कुंकू पुसायचं तिला मान्य नव्हतं.

आणि आता बारा वर्षं भरली होती. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोने कपाळ पुसायचं, हा रिवाज. सासू कमलाबाई बारावं वर्ष सुरू झाल्यापासून तिच्यामागे लागल्या होत्या.

“माझो झील ना हयसर, ना थंयसर,” त्या आपल्या लेकाबद्दल म्हणायच्या. “मधीच लटाकलोहा गो तो. ताका एकदा मोकळो कर.”

“आये, कोणी बघितलंय का ह्यांना? कोणी एकाने येऊन सांगावं, मी बघितलं. मग मी माझ्या हाताने पुसते.”

“बारा वर्सां कोणी सांगूक इलो नाय, तो आता येतलो?”

“तो नाही येणार. नलू जाईल.”

कोंडीरामाकडून तिला कळलं होतं की कासिनोच्या डोंगराखाली आता गोऱ्यांनी मोठी दफनभूमी बांधली आहे. ज्यांची प्रेतं मिळाली, त्यांना तिथे जागा आहे. ज्यांची मिळाली नाहीत, त्यांची नुसती नावं दगडी भिंतींवर कोरलीत. यावरून बकुळेने आपला हिशेब बांधला. नलूने आपल्या डोळ्यांनी बघायचं. रघुनाथ घाडीच्या नावाची वेगळी जागा असली, तर तो सापडला आणि गेला. आणि नुसतं भिंतीवर नाव असलं तर? “भिंतीवर काय, कोणाचंही नाव लिहितात,” ती म्हणायची. लालबागच्या भिंतींवर त्या वर्षी इतकी नावं आणि घोषणा लिहिलेल्या होत्या, की तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

कमलाबाईंनी मग बोलता बोलता कबूल केलं, की नलूचं नापोलीहून पत्र येईपर्यंत थांबू. त्या दिवसापासून बकुळेच्या पायाला भिंगरी लागली.

नापोली शिकवायला मास्तर मिळाला तो दत्ताराम. हा तळमजल्यावर राहायचा. बोटीवर खलाशांसाठी जेवण रांधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. बढाया मारण्यात चाळीत त्याच्या वरचढ कोणी नव्हतं. नापोली म्हणजे आपल्याला गिरगाव, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. बकुळेने त्याला बांगड्याचं झणझणीत तिखलं खाऊ घालून, भाकऱ्या बडवून, खोदून खोदून विचारलं तेव्हा उजेडात आलं, की गडी नापोलीला तीनदाच उतरला होता. दोनदा बंदरासमोरच्या गुत्त्यात बसला, आणि तिसऱ्यांदा त्याच गुत्त्यात त्याचे बूट चोरीला गेले.

“म्हणजे तुम्ही स्टेशन बघितलंच नाही?”

“बघितला नाय कसा? बूट शोधूक थंयपर्यंत चालत गेलंय ना! अनवाणी गेलंय, म्हणान रस्तो ध्यानात ऱ्हवलो.”

एवढ्यावर बकुळेने त्याला माफ केलं. शिवाय एक गोष्ट त्याने खरीच कामाची सांगितली. बोटीची कंपनी पैसे घेऊन उतारूंना बसमधून फिरवायला नेते, ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं जुनं गाव दाखवते. त्या बसला उशीर झाला तर बोट थांबते, कारण बस कंपनीची. “पण आपल्या आपण गेलात, आणि गाडी चुकली, तर कप्तान भोंगो वाजवन् सरळ चलता. बोट कोणासाठी थांबणा नाय.”

हे ऐकून नलूचा चेहरा उतरला. ती काही भेकड नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर जानेवारीत गोळीबार झाला आणि इस्पितळाच्या जमिनीवर जखमी झोपवावे लागले, तेव्हा ती तिथे उभी होती. पण परक्या मुलखात, भाषा येत नसताना, बोट सुटली तर पासपोर्ट, कपडे, पुढचं शिक्षण सगळं बोटीबरोबर जाणार होतं. “वहिनी, कंपनीच्या बसला सांगून बघू का, मला तिकडे सोडा म्हणून?” तिने विचारलं. बकुळेने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की नलूने पुन्हा बसचं नाव काढलं नाही.

मग रोज रात्री जेवणं झाली की खोलीत नापोली मांडलं जायचं. पाट म्हणजे बोट. पाण्याची कळशी म्हणजे किल्ला. दाराशी पाटा-वरवंटा, ते स्टेशन. आणि खिडकीतली तुळस म्हणजे कासिनो. नलूने पाटावरून उठायचं, कळशी डावीकडे ठेवून पाट्याशी जायचं, तिकीट मागायचं, तुळशीपाशी नावं वाचायची आणि परत पाटावर येऊन बसायचं. एकदा मध्येच कमलाबाईंना तहान लागली आणि त्यांनी किल्ल्यातून तांब्याभर पाणी काढून घेतलं. बकुळा तेव्हासुद्धा हसली नाही. तिला वाटत होतं, गाडीच उशिरा सुटली तर? ट्रामच बंद असली तर? तिकडे पण संप होत असतील. तिकडे पण मोर्चे असतील. कामावर तिचे हात बॉबिनवर चालायचे आणि डोकं परक्या गावात धावत असायचं. मुकादमाने दोनदा टोकलं, पण तिला राग आला नाही, कारण तिने ऐकलंच नव्हतं.

शेजारच्या खोलीत शैला राहायची. तिचा नवरा त्याच जानेवारीतल्या गोळीबारात गेला होता. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणत नाक्यावर उभा होता आणि आडवा झाला. शैलाने त्याचं तोंड पाहिलं होतं, त्याच्या कपाळावरून हात फिरवला होता. आता ती कामावर जायची, नळावर भांडायची, अधूनमधून हसायचीही. बकुळेला तिचा हेवा वाटायचा. असा हेवा वाटतो याची तिला मनातून लाज वाटायची, पण वाटायचा तो वाटायचाच.

शेवटी पाट आणि कळशी यांनी तिचं समाधान होईना. “रंगीत तालीम करू,” ती म्हणाली. “खरीखुरी.”

कोंडीरामाने अंदाजाने सांगितलं होतं, की नापोलीपासून कासिनो म्हणजे आपल्याकडे मुंबईपासून कर्जत. तेवढंच लांब, आणि तसंच डोंगराच्या पायथ्याशी. झालं. एका रविवारी नणंद-भावजय सकाळी विलायतेच्या बोटी सुटतात त्या बॅलार्ड पियरच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. बकुळेने जणू भोंगा ऐकला आणि म्हणाली, “उतर.” तिथून बोरीबंदर, तिथून पुण्याकडे जाणारी गाडी, आणि भर उन्हात कर्जत. गाडीत बकुळा एका जागी बसली नाही. प्रत्येक स्टेशनला दाराशी जाऊन पाटी वाचून यायची, तीही चुकीची.

कर्जतला उतरून दोघी बाहेर एका झाडाखाली थांबल्या.

“आता वाच,” बकुळा म्हणाली.

“काय वाचू? इथे कुठे आहेत नावं?”

“काहीतरी वाच. नाव शोधायला किती वेळ लागतो ते कळायला नको?”

नलू मुकाट्याने समोरच्या भिंतीवरची विडीची आणि साबणाची जाहिरात वाचायला लागली. बकुळा डोंगराकडे बघत होती. उन्हात करपलेला, उघडाबोडका डोंगर होता. बघता बघता तिला वाटलं, हाच तो. इथेच खाली नदी असणार आणि नदीच्या अलीकडे हे उभे असणार. ती एकदम मागे वळली. “चल, चल, गाडी चुकेल,” म्हणत तिने नलूचा हात धरून तिला ओढतच स्टेशनात नेलं. गाडीला अजून बराच अवकाश होता. नलूने विचारलं, “वहिनी, काय झालं गं?” बकुळा म्हणाली, “ऊन लागतंय.”

संध्याकाळी बोरीबंदरला उतरल्या तर पुढे रस्ता बंद. फोर्टात मोर्चा होता, पोलीस काठ्या आडव्या धरून उभे. बकुळा एकेका हवालदाराला विनवत सुटली, “दादा, सोडा हो, आमची बोट सुटेल.” एकाने घड्याळ बघून विचारलं, “कुठली बोट, बाई?” काय सांगणार! गर्दी पांगल्यावर त्या बॅलार्ड पियरला पोचल्या तेव्हा दिवे लागून गेले होते. फाटकाशी एक कुत्रं झोपलं होतं.

“गेली,” बकुळा म्हणाली आणि फूटपाथवरच बसली. नलूला हसू आवरेना. मग तिने पाहिलं, की वहिनी त्या फाटकावरून नजर काढत नाहीये, आणि तीही शेजारी बसली. त्या रात्री बेत बदलला. ट्राम रद्द झाली. नापोलीला टॅक्सी करायची असं ठरलं, आणि त्यासाठी बकुळेने आपल्या पाटल्यांपैकी एक मोडली.

पावसाळा असाच तगमगीत गेला. गणपती आले, गेले. चाळीत रोज नवी बातमी यायची, मुंबई कोणाची यावरून माणसं हातघाईवर यायची. बकुळेला त्यातलं ऐकू यायचं ते फक्त सुएझचं नाव. तिकडे कालव्यावरून काहीतरी पेटत चाललं होतं. दत्ताराम म्हणायचा, “काय होणा नाय, मोठे लोक बोंबलतत नुसते.” आणि दिवाळीच्या सुमारास बातमी आली, की लढाई जुंपली आणि कालव्यात जहाजं बुडवून वाट बंद केली. खालच्या चहाच्या दुकानात कोणीतरी पेपर मोठ्याने वाचला. दत्तारामाने जिना चढून येऊन खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं, “आता बोटी आफ्रिकेक वळसो घालून जातल्यो. नापोली गेला.”

नलू मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड घेऊन रडायला लागली. स्वतःसाठी नव्हे, तिला वहिनीकडे बघवत नव्हतं. बकुळा खरकटी भांडी उचलून नळावर गेली. राखेने ती घासता घासता शैला तिच्याकडे टक लावून बघतेय, असं तिच्या लक्षात आलं.

“काय गं?”

“आज खुशीत दिसतेस,” शैला म्हणाली. “गुणगुणतेयस.”

बकुळेचा हात थांबला. खरंच, ती गुणगुणत होती. कितीतरी महिन्यांनी तिचे खांदे सैल पडले होते, आणि तिला भूकसुद्धा लागली होती. तिला बरं वाटत होतं. वाट बंद झाली म्हणून बरं वाटत होतं. तिने घाईघाईने भांडी विसळली आणि वर गेली, पण ते बरं वाटणं काही तिची पाठ सोडीना. त्यानंतर ती नलूच्या नजरेला नजर देईनाशी झाली.

बोट सुटायच्या दिवशी कमलाबाई घरीच राहिल्या. गुडघे धरले होते, आणि बोट बघायची नाही असंही त्या म्हणाल्या. बॅलार्ड पियरवर हार, रडारड, हमालांची ओरड. नलूने नवीन कोट अंगावर घेतला होता आणि त्यात ती घामाने निथळत होती. निरोपाची घंटा झाली तेव्हा तिने बकुळेचे दोन्ही हात घट्ट धरले.

“वहिनी, तू मन लहान करू नकोस. मी चौकशी केलीय. लंडनहून सरळ गाडी आहे इटलीला. पहिली सुट्टी मिळाली की मी जाते. बोटीची भीती नाही, काही नाही, चांगले दोन दिवस राहून बघते. तू फक्त हो म्हण.”

बकुळेला तिथून पळून जावंसं वाटलं. कर्जतच्या डोंगराखाली वाटलं होतं तसंच. आणि या वेळी तिला ऊन लागतंय असं म्हणता येईना. गुणगुणणं कशाचं होतं ते तिला तिथे, त्या गलक्यात, लख्ख कळलं. जिचा माणूस जिवंत असेल, ती वाट बंद झाली म्हणून खूश होईल का? तिने किल्ला, ट्राम, टॅक्सी, परतीची गाडी, सगळं ठरवलं होतं. नलूने पत्रात काय लिहायचं, हे मात्र एकदाही ठरवलं नव्हतं. तिथवर तिचं मन कधी गेलंच नव्हतं, कारण तिथे काय आहे ते तिला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं, देव जाणे.

“जाऊ नकोस,” ती म्हणाली.

“का गं?”

“मला ठाऊक आहे, नलू. तू तुझं शिकून ये.”

नलूने वहिनीला मिठी मारली आणि शिडी चढून गेली. बोट वळेपर्यंत बकुळा उभी होती. नंतर ती परत निघाली, लालबागपर्यंत पायीच.

कमलाबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“गेली?”

“गेली.” बकुळेने पाय धुतले, पदराने तोंड पुसलं आणि सासूसमोर येऊन बसली. “आये, भटाला सांगा. येत्या अवसेला करून टाकू.”

बारा वर्षं नाही, पण वर्षभर तरी म्हातारीने हेच मागितलं होतं. आता ती सुटकेचा नि:श्वास टाकील, कपाळाला हात लावून देवाचं नाव घेईल, असं बकुळेला वाटलं होतं. कमलाबाईंच्या हातातलं सूप कललं आणि तांदूळ जमिनीवर सांडले.

“ह्याच अवसेक?” त्या म्हणाल्या. “इतकी घाई कित्याक? नलू जातली ना थंय... लंडनसून जातंय म्हणत होती माका, घरसून निघताना.”

“मी तिला नको म्हणून सांगितलं.”

“कित्याक सांगलंस?” कमलाबाई ओरडल्या. “कोणाक इचारून सांगलंस?”

“आये, तुम्हीच तर म्हणत होता—”

“मी म्हणतलंय! मी ताची आये, माका म्हणूक व्हयाच. तू नाय म्हणत होतंस म्हणान मी म्हणत होतंय.” त्यांचा आवाज फाटला. “रोज सकाळी उठान मी तुझ्या कपाळाकडे बघतंय. कुकू आसा, म्हणजे माझो झील आसा खंय तरी. ताच बघान माझो दिस उजाडता गो. आजून थोडा थांबया. तुझ्या पाया पडतंय, थांबया.”

आणि ती म्हातारी खरोखरच वाकली. बकुळेने तिचे हात वरच्या वर धरले. इतकी वर्षं एका खोलीत राहून, एका ताटात जेवून, हे तिला कधी दिसलं नव्हतं. आपण सासूच्या विरुद्ध उभ्या आहोत असंच ती समजत होती. तिला म्हातारीची इतकी कीव आली, की क्षणभर वाटलं, राहू दे, ठेवू कुंकू, काय बिघडतं? शब्द तोंडाशी आला होता. तिने तो गिळला.

नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नसतं. लग्नात नलूने दार अडवलं तेव्हा उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर पत्र लिहून देणाऱ्यालासुद्धा ते नाव ती नलूच्या तोंडून सांगायची.

“आये,” ती म्हणाली, “रघुनाथ गेले.”

कमलाबाईंनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. तिच्या तोंडून ते नाव त्यांनी जणू पहिल्यांदाच ऐकलं, आणि मग चव्वेचाळीस सालचं त्यांचं राहिलेलं रडणं सुरू झालं. बकुळेने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दिवा लावायची वेळ टळून गेली तरी दोघींतली एकही उठली नाही.